पल्याड जावचा आसा: सिंधुदुर्गातला चौपदरी महामार्ग आणि पायी चालणारा माणूस

"झिला, हात धर माझो. पल्याड जावचा आसा."

गेल्या श्रावणात महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या एका आजीने मला हाक मारली. तिच्या एका हातात रेशनच्या तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. दुकान या बाजूला, घर त्या बाजूला आणि मधे चार पदरांचं काँक्रीट. दुभाजकात गाड्या वळायला खिंड ठेवलेली असते, त्या मिडलकटच्या तोंडाशी आम्ही थांबलो. एक ट्रेलर गेला, मागून दोन मोटारी, मग गॅसचा टँकर. जरा मोकळं दिसल्यावर दुभाजकापर्यंत पोचलो आणि तिथे परत उभे राहिलो, दुसऱ्या बाजूच्या गाड्या संपेपर्यंत. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, पूर्वी दिवसातून चार वेळा यायची, आता आठवड्यातून एकदाच येते.

रस्ता चांगला झाला, हे मी मनापासून मान्य करतो. कुडाळहून कणकवली गाठायला लागणारा वेळ पुष्कळ कमी झाला आहे. पण कोणताही रस्ता दोन माणसं वापरतात: एक त्यावरून जाणारा आणि एक तो ओलांडणारा. आपल्याकडे रस्त्याचं मोजमाप पहिल्या माणसाच्या सोयीने झालं. दुसऱ्याचं काय झालं आणि काय करता येईल, ते इथे मांडतो आहे.

सतराचा सहासष्ट झाला

जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'हायवे सतरा' आहे. २०१० च्या नव्या क्रमांकांनुसार तो राष्ट्रीय महामार्ग ६६ झाला. पनवेलहून निघालेला हा रस्ता खारेपाटणला आपल्या जिल्ह्यात शिरतो आणि नांदगाव, कणकवली, कसाल, ओरोस, कुडाळ, झाराप, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात जातो. झाराप ते पत्रादेवी हा तुकडा आधी रुंद झाला. खारेपाटण ते झाराप चौपदरी झाला तो नंतर, पण रायगडातलं काम रखडलेलं असताना आपल्याकडचं बरंचसं उरकलं होतं. त्याचा एक परिणाम फारसा कोणी बोलत नाही. मुंबईचा चाकरमानी रात्रभर खड्डे आणि वळणं काढत येतो, खारेपाटणनंतर सपाट काँक्रीट लागतं आणि त्याचा पाय आपोआप खाली दाबला जातो. डोळ्यांवर झोप असते, घर तासाभरावर असतं आणि पहाट झालेली असते. नेमक्या त्याच वेळी दुधाच्या किटल्या घेऊन आमची माणसं रस्त्यावर येतात.

दुसरी गोष्ट कोकणातल्या गावाच्या घडणीची. देशावरचं गाव एका ठिकाणी गोळा झालेलं असतं, त्याला वळसा घालून बाहेरून रस्ता नेता येतो. आमचं गाव वाड्यांचं. शाळा एका वाडीत, देऊळ दुसऱ्या वाडीत, भातशेती खाली मळ्यात, काजू-आंब्याची कलमं वर सड्यावर. एका घरचा संसार असा मैल-दोन मैलांत पसरलेला असतो. त्यामुळे महामार्ग रुंद झाला की तो गावाच्या कडेने जात नाही, घर आणि मळा यांच्या मधून जातो. जमिनीची मोजणी झाली, मोबदले ठरले, तेव्हा सातबारावरची जमीन मोजली गेली. पायवाटा कोणाच्याच सातबारावर नव्हत्या.

मिडलकट, बॉक्सवेल आणि सर्व्हिस रोड

हे तीन शब्द आता आमच्या बोलण्यात 'तिठा' आणि 'पाणंद' यांच्याइतकेच रुळले आहेत, म्हणून ते नीट समजून घेऊ.

मिडलकट म्हणजे दुभाजकात वाहनं वळण्यासाठी ठेवलेली खिंड. तो बंद केला तर पुढचा कट एक-दोन किलोमीटरवर असतो, मग दुचाकीवाला पेट्रोल आणि वेळ वाचवायला उलट्या दिशेने कडेकडेने येतो. तो उघडा ठेवला तर वळणारी गाडी भरधाव गाड्यांच्या मधोमध उभी राहते. दुभाजक अरुंद असेल तर स्कूटर त्यात मावते, पण रिक्षाचं किंवा टेम्पोचं मागचं धूड वेगाच्या पदरात बाहेर राहतं, आणि धडक तिथेच बसते. 'कट बंद करा' म्हणणारा अभियंता आणि 'कट उघडा ठेवा' म्हणणारे गावकरी यांच्यात जो वाद होतो, त्यात दोघांचंही खरं असतं. कारण दोघांनाही तिसरा मार्ग दिलेलाच नसतो.

तो तिसरा मार्ग म्हणजे बॉक्सवेल. रस्ता वरून, माणसं-गुरं-सायकली खालून. ज्या तिठ्याला बॉक्सवेल मिळाला तिथली आई पोराला एकटं शाळेत पाठवते, एवढा फरक पडतो. कोकणात चढउतार असल्याने महामार्ग कित्येक ठिकाणी मातीच्या भरावावरून गेला आहे. भराव घालतानाच खालून वाट ठेवली असती तर ते काम सोपं होतं. भर रहदारीत नंतर रस्ता खोदून वाट काढणं महाग आणि कटकटीचं. बॉक्सवेलला दोन गोष्टी मात्र हव्यातच: पाण्याचा निचरा आणि दिवा. जूनमध्ये गुडघाभर पाणी साचलं किंवा संध्याकाळी आत काळोख असला, तर बायका परत वरूनच रस्ता ओलांडतात.

सर्व्हिस रोड म्हणजे मुख्य रस्त्याला समांतर जाणारा गावचा रस्ता. आमच्या बाजूला तो तुकड्यातुकड्यांत आहे. व्हाळ, म्हणजे ओढा, आला की तो संपतो, कारण पूल फक्त मुख्य रस्त्याला बांधलेला. मग सायकलवरचा मुलगा त्या पुलापुरता ट्रकांच्या रांगेत शिरतो आणि पूल संपला की परत बाहेर येतो. असा शंभर फुटांचा तुटका दुवा साऱ्या सर्व्हिस रोडचा उपयोग घालवतो.

वेगाचा हिशेब

रस्त्यावरची सुरक्षा हा नशिबाचा किंवा देवाचा विषय नाही, गणिताचा आहे. शाळेत शिकलेलं गणित त्याला पुरतं.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. चौपदरी रस्त्यावर मोटारीला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार हीच कमाल मर्यादा आहे. राज्य सरकार ती कमी करू शकतं. आता आजीचा हिशेब करू. एका बाजूचे दोन पदर आणि कडेची पट्टी मिळून साधारण नऊ मीटर. हातात पिशवी असलेलं म्हातारं माणूस सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास चालतं. म्हणजे नुसती एक बाजू ओलांडायला ११-१२ सेकंद. तेवढ्यात १०० च्या वेगाची गाडी ३०० मीटरहून जास्त अंतर कापते. आजीला ती गाडी ३०० मीटरवर दिसायला हवी, दिसल्यावर तिच्या वेगाचा अंदाज यायला हवा, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी यायला हवा. वळणावरच्या किंवा चढाच्या माथ्यावरच्या मिडलकटपाशी हे होणारच नाही.

चालकाच्या बाजूनेही बघू. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो. त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं: वेग दुप्पट, तर अंतर चौपट. कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगाची मोटार एकूण २५ मीटरमध्ये थांबते, ६० ची ४५ मीटरमध्ये, १०० ची जवळपास ९७ मीटरमध्ये. ओल्या रस्त्यावर ६० ला ६० मीटर आणि १०० ला १४० मीटरच्या आसपास लागतात. 'अचानक समोर आला' असं प्रत्येक अपघातानंतर ऐकू येतं. त्यातलं 'अचानक' बहुतेक वेळा गाडीच्या वेगातून आलेलं असतं.

या वेगाचा फटका कोणाला बसतो, ते देशाचे आकडे सांगतात. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे मरणाऱ्या शंभरातल्या ६४ जणांच्या अंगाभोवती पत्र्याचं कवचही नव्हतं. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले.

पावसातली गुरं

जुलै-ऑगस्टच्या रात्री महामार्गावर गुरं बसलेली दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, जनावर मूर्ख आहे. तसं नाही. सगळीकडे चिखल, गवतात डास आणि गोमाशा, आणि त्या ओल्या मुलखात एकच जागा कोरडी, उंच, दिवसाच्या उन्हाने कोमट राहिलेली: काँक्रीट. गाड्यांच्या वाऱ्याने माश्याही उडतात. गुरांनी त्यांच्या दृष्टीने उत्तम जागा निवडलेली असते. शेती कमी झाली, नांगराला पॉवर टिलर आला, बैल ठेवणं परवडेनासं झालं, भाकड जनावरं मोकळी सुटली, आणि ती इथे येऊन बसली.

डिपर मारला, म्हणजे दिव्याचा झोत खाली केला, की साधारण ५० मीटर दिसतं. वरच्या हिशेबात ओल्या रस्त्यावर ६० च्या वेगाला थांबायला ६० मीटर लागतात. काळी म्हैस पावसात दिसल्यावर ब्रेक दाबला तरी शेवटचे दहा मीटर कमी पडतात. काही गावांत तरुण पोरं गुरांच्या शिंगांना आणि गळ्याला चमकणाऱ्या पट्ट्या बांधतात. काम साधं आहे, खर्च फार नाही, आणि जीव वाचवणारं आहे. पण ती पोरांची जबाबदारी नव्हे. कोंडवाडे चालवणं ग्रामपंचायतीचं काम आहे आणि रस्त्याच्या कडेला कुंपण घालणं रस्ता बांधणाऱ्याचं.

पायी माणसाची ही कोंडी अमेरिकेत आधी झाली

न्यू जर्सीत लेकाकडे सहा महिने राहून आलेले आईवडील परत आल्यावर एक गोष्ट हटकून सांगतात: घर मोठं होतं, सगळं होतं, पण कुठे जाता येत नव्हतं. दुकान समोर दिसायचं, मधे सहा पदरी रस्ता, कडेला पायवाट नाही. लेक कामावरून येईपर्यंत घरातच बसायचं.

ते आपोआप झालं नाही. १९२० च्या दशकात तिथल्या शहरांत मोटारींखाली माणसं, विशेषतः मुलं मरू लागली तेव्हा लोक मोटारींवर चिडले होते. मोटार व्यवसायाने उलट मोहीम चालवली की चूक वाटेल तिथून रस्ता ओलांडणाऱ्याची आहे. कायदे तसे झाले. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली आणि ४१,००० मैलांचं जाळं उभं राहू लागलं. ते कित्येक शहरांत गरिबांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या चिरून गेलं. ट्राम मोडीत निघाल्या. दुकानं, शाळा, दवाखाने मोटारीच्या अंतरावर गेले, मग मोटार ही चैन न राहता गरज झाली. ज्याला ती चालवता येत नाही, म्हणजे मूल, म्हातारा, आजारी, तो परावलंबी झाला.

एवढ्या श्रीमंत देशात २००९ मध्ये ४,१०९ पायी चालणारे रस्त्यावर मेले होते, २०२२ मध्ये ७,५२२. तिथल्या अभ्यासकांनी एक कारण गाड्यांच्या आकारात शोधलं: ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीने धडक दिली तर बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा माणूस मरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. बुटकी गाडी पायाला लागते आणि माणूस वर फेकला जातो. उंच गाडी छातीला लागते आणि माणूस खाली जातो.

हे मी परदेशाची उणीदुणी काढायला सांगत नाही. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटून साडेआठ लाखांच्या खाली आली आणि तेव्हा दर हजार पुरुषांमागे इथे १,०३६ बायका होत्या. तरुण मुंबईला, गोव्याला, पुण्याला. गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि बायका, म्हणजे गाडी न चालवणारी माणसं. मोटारीवाचून अडेल असा मुलूख घडवायचा असेल, तर त्याला आपल्याइतका अयोग्य जिल्हा शोधून सापडणार नाही.

तारकर्लीची वाट

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना. मालवणच्या भरडावरून बाजारपेठेत उतरणाऱ्या रस्त्यावर आणि तिथून तारकर्ली-देवबागकडे गाड्यांची रांग लागते. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. एकच रस्ता. त्याच्या कडेला चिऱ्याचे गडगे, गडग्याला लागून तुळशीवृंदावन, वर माड. समोरासमोर दोन उंच गाड्या आल्या की मासळीची टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईने गडग्याला पाठ लावून उभं राहायचं.

यावर 'रस्ता रुंद करा' ही मागणी दर हंगामात होते. मला ती चुकीची वाटते. रुंद केला तर अंगणं आणि माड जातील आणि पुढच्या मेमध्ये दुप्पट गाड्या येतील. माथेरानने दस्तुरी नाक्याला मोटारी अडवल्या म्हणून माथेरान ओस पडलं नाही. मालवणच्या बाहेर वाहनतळ आणि तिथून दर पंधरा मिनिटांनी छोटी बस, एवढं निदान गर्दीच्या दिवसांत तरी करून बघावं. पर्यटक आपली गाडी आणतो त्यालाही कारण आहे. कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळ स्टेशनला उतरलं की मालवणला येणारी गाडी वेळेवर मिळेल याची खात्री नाही. २०२५ च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने मोटारी मालगाडीवर चढवून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला नेण्याची सेवा सुरू केली, नांदगावला थांबाही दिला. घाटरस्त्याचा ताण वाचतो, चांगलं आहे. पण मोटार आणायला जेवढा विचार झाला तेवढा मोटारीशिवाय येणाऱ्यासाठी स्टेशनाबाहेरच्या बसचा झाला असता तर जास्त आनंद झाला असता.

वस्तीची गाडी गेली, दुचाकी आली

आमच्या लहानपणी वस्तीची एसटी हे गावाचं घड्याळ होतं. रात्री चालक-वाहक देवळाच्या पडवीत झोपायचे, सकाळी त्याच गाडीने शाळेची पोरं, नोकरदार, बाजाराला निघालेल्या बायका. जिल्ह्यात सात आगारं आहेत, पण आतल्या वाड्यांच्या फेऱ्या एकेक करून रोडावल्या. आधी कोरोना, मग २०२१ च्या नोव्हेंबरपासून सुमारे पाच महिने चाललेला संप. त्या काळात ज्या घरांनी कर्ज काढून स्कूटर घेतली ती घरं एसटीकडे परत वळली नाहीत. प्रवासी घटले म्हणून फेरी बंद, फेरी बंद म्हणून आणखी एक स्कूटर. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास फुकट आहे. दोन्ही निर्णय फार मोलाचे, पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते.

म्हणून एसटीची फेरी हा माझ्या मते रस्ता सुरक्षेचाही प्रश्न आहे. फेरी बंद झाली की तीच माणसं तेवढंच अंतर दोन चाकांवर, पावसात, ट्रकांच्या बाजूने कापतात. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं मेली, त्यांत चौदा हजारांवर मागे बसलेली होती. चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला, मागच्यालाही, हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. आणि बारावीच्या अल्पवयीन पोराच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांना २०१९ च्या दुरुस्तीनंतर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्लासला जायला एसटी नाही म्हणून गाडी दिली, हे कारण मला समजतं. न्यायालयात ते चालत नाही.

बांबोळीपर्यंतचा तास

डोक्याला जबर मार लागला की आमच्याकडे एकच वाक्य ऐकू येतं: "बांबोळीक व्हरूचो लागतलो." कणकवलीहून गोव्यातल्या बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय शंभर किलोमीटरच्या आसपास. वैद्यक ज्याला सोनेरी तास म्हणतं तो वाटेतच संपतो. म्हणून पहिली दहा मिनिटं, म्हणजे रस्त्यावर जवळ असलेल्या माणसाची मदत, इथे इतर कुठल्याही जिल्ह्याहून महत्त्वाची.

लोक अजूनही पोलिसांच्या भीतीने हात लावत नाहीत. ती भीती आता सोडायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. १०८ ला फोन करा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, मान हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार विनारोख होण्याची केंद्राची योजना आहे. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये भरपाई मिळते. हे किती घरांना माहीत आहे?

कोणाकडे, काय मागायचं

ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती बसते. आपल्याकडचं चौपदरीकरण सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाने केलं. ग्रामसभेचा ठराव या दोन्हींकडे गेला पाहिजे. ओसरगावच्या टोलविरोधात सगळे पक्ष एकत्र आले होते. बॉक्सवेलसाठीही तसंच यावं लागेल. सदोष आखणी किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करणारं कलम १९८-अ कायद्यात आहे, हेही ठरावात लिहावं.

अडचण येते ती 'ब्लॅकस्पॉट'च्या व्याख्येत. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, तर ती जागा यादीत जाते. म्हणजे तोवर थांबायचं. ज्या दुचाकी घसरतात, जी माणसं थोडक्यात वाचतात, ती कुठेच मोजली जात नाहीत, आणि ज्या आजीने रस्ता ओलांडणंच सोडलं ती तर कुठल्याच आकड्यात येत नाही.

आमच्या तिठ्यावरच्या रिक्षावाल्यांनी या पावसाळ्यापासून एक वही ठेवली आहे, शंभरपानी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, रिक्षाच्या डिकीत. तारीख, वेळ, किलोमीटरच्या दगडाचा आकडा, काय झालं, पाऊस होता का, दिवा होता का. पहिल्या पानावर बॉलपेनने लिहिलेली पहिली नोंद अशी आहे: सकाळी पावणेसात, मिडलकट, पाऊस, दुधाची दुचाकी घसरली, कोपर फुटलं, किटली चेपली, पोलिसात नोंद नाही.